फिटरकाकांचा पालक

प्रयोगशाळेत तिला सगळे काटेकोरबाई म्हणत. नाव एका टवाळ सहकाऱ्याने पाडलं होतं आणि ते चिकटलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. काट्यावरचा आकडा चौथ्या दशांशापर्यंत स्थिर होईतो ती श्वास रोखून उभी राहायची. नळी तीनदा विसळा म्हटलं की चारदा विसळायची. संध्याकाळी कुलूप लावून जिना उतरली की निम्म्यातून परत वर जाऊन ते ओढून बघायची. "बाई, तुम्ही चहात साखरसुद्धा तोलून घालत असणार," तो टवाळ म्हणायचा. ती हसण्यावारी न्यायची. खरं म्हणजे ती घालायची.

त्या आठवड्यात प्रयोगशाळेत पालेभाज्यांचे अठरा नमुने आले होते. औद्योगिक पट्ट्यालगतच्या शेतांतली भाजी, बाजारातून उचललेली. तिच्यात जड धातू किती आहेत ते शोधायचं काम होतं. पाला वाळवायचा, कुटायचा, आम्लात उकळून त्याचं पाणी करायचं आणि ते पाणी मशीनच्या ज्योतीत सोडायचं. शिसं असेल तर मशीन आकडा दाखवतं. अशा तपासणीत सोबत एक शुद्ध नमुना लागतो, ज्यात काही सापडणारच नाही अशी खात्री असलेला पाला. बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे. विकतचा प्रमाणित पाला नेमका संपला होता आणि नवा यायला महिना लागणार होता.

"कुणाच्या घरचं काही मिळेल का?" प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी विचारलं.

तिचा चेहरा उजळला. "माझ्या सासऱ्यांचा पालक आणते ना! औषध नाही, फवारणी नाही, नळाचं पाणी. तुम्ही सगळ्यांनी खाल्लाय."

खाल्ला होताच. गेली सहा वर्षं, हिवाळा आला की दर सोमवारी ती पिशवी भरून जुड्या आणायची. टवाळाची बायको तर म्हणायची, बाजारचा पालक आता घशाखाली उतरत नाही. तळहाताएवढी पानं, काळपट हिरवी, देठ मोडला की कट्कन आवाज करणारा.

तो पालक एकोणिसाव्या नळीत गेला.

दुपारी मशीन चाललं. अठरा नमुन्यांतले पाच मर्यादेच्या थोडे वर निघाले, बाकीचे खाली. ती वहीत लिहीत गेली. एकोणिसावी नळी लावली आणि पडद्यावरचा आकडा चढायला लागला. तो थांबेचना. थांबला तेव्हा ठरवून दिलेल्या मर्यादेच्या सहापट होता.

तिने नळी काढली, चिठ्ठी वाचली, पुन्हा लावली. तोच आकडा.

"चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीस," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मी?"

"तूही माणूसच आहेस. परत कर सगळं."

तिला ते पटलं, नव्हे, ते पटावं अशी तिची मनापासून इच्छा होती. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातून गफलत झालेली असावी असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने ताजी पानं आणली. त्यांचे तीन वाटे केले. एक तसाच ठेवला, एक नळाखाली खळखळून धुतला आणि तिसरा शुद्ध पाण्यातून चारदा काढला. भांडी आम्लात बुडवून ठेवली. आता पाला सुकेपर्यंत काही करण्यासारखं नव्हतं, पण तिला बसवेना. तिने कपाटातल्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या, मग अक्षरांप्रमाणे लावल्या. ओव्हनपाशी जाऊन काचेतून आत बघायची, परत यायची.

"पाणी उकळत नाहीये बाई त्यात, की उतू जाईल," टवाळ म्हणाला. या वेळी ती हसली नाही.

तिसऱ्या दिवशी आकडे आले. न धुतलेला पाला, सहापट. नळाखाली धुतलेला, पाचपट. शुद्ध पाण्यातला, तोही पाचपट. म्हणजे पानावर बसलेली धूळ नव्हती ती. जे होतं ते पानाच्या आतच होतं, मुळातून वर चढलेलं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किती वर्षं खातोय आपण सगळे हा?"

ती बोटांवर मोजायला लागली आणि मधेच थांबली. भुंगीचं वय तिच्या डोळ्यांसमोर आलं.

भुंगी म्हणजे तिची मुलगी. सतत काहीतरी गुणगुणत घरभर फिरायची म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. चार वर्षांची. इतर पोरं पालेभाजी बघून तोंड फिरवतात, ही ताट पुढे करायची, आणि ह्याचं घरादाराला केवढं कौतुक होतं!

घर होतं एका जुन्या बॅटरी कारखान्याच्या कामगार वसाहतीत. कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली होती. चिमणीतून धूर यायचा थांबला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि खिडक्या उघड्या ठेवायला लागले. सासरे तिथेच एकतीस वर्षं फिटर होते. वसाहतीत त्यांना लहानथोर फिटरकाका म्हणत, घरात ते बाबा. कुणाचा नळ गळो, कुणाचं शिवणयंत्र अडो, काका पान्हा घेऊन हजर. घरामागच्या तुकड्यात त्यांनी सहा वाफे काढले होते, दोरी लावल्यासारखे सरळ, आणि पिकलेलं गल्लीभर वाटायचे. सासूबाई गेल्या त्या वर्षी ते महिनाभर कुणाशी बोलले नव्हते. मग एका सकाळी उठून वाफ्यात गेले आणि तिथून माणसात आले.

त्या संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा ताटं मांडलेली होती. भाजी बाबांनीच केली होती, लसूण घालून. भुंगीने पहिला घास उचलला आणि आईचा हात आपोआप पुढे गेला. ताट ओढलं गेलं, पाण्याचा पेला लवंडला.

"काय गं?" बाबा दचकले.

"अळी... अळी दिसली मला."

"अळी? माझ्या पालकात?" बाबांनी चष्मा लावला, पातेलं जवळ ओढलं आणि चमच्याने एकेक पान उलटंपालटं करून बघायला लागले. शिजलेल्या पानांत अळी काय दिसणार? पण ते शोधत राहिले, पार तळ लागेपर्यंत. "नाही बुवा," शेवटी म्हणाले. आवाज पडलेला होता. "पण तुला दिसली म्हणजे असेल. तुझी नजर पक्की."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून उशिरा यायचा. आल्याआल्या तिने त्याला स्वयंपाकघरात गाठून, आवाज खाली ठेवून सगळं सांगितलं. तो कपाळ चोळत ओट्याला टेकला.

"बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस," तो म्हणाला. "आई गेल्यावर त्या वाफ्यांनी त्यांना उभं केलंय. ते काढून घेतलेस तर माणूस आडवा होईल."

"आणि भुंगी?"

"तिला नको देऊस. काहीतरी कारण सांग. पण आधी हे येतंय कुठून ते तर शोध. पाणी तर सगळी वसाहत पितेय. धूर नाही. मग काय, आकाशातून पडलं?"

नळाचं पाणी तिने दुसऱ्याच दिवशी तपासलं. स्वच्छ. राहिली माती.

रविवारी सकाळी ती खुरपं आणि पिशव्या घेऊन मागे गेली. मातीचा कस बघायचाय, एवढंच तिने सांगितलं. बाबांना कोण आनंद झाला. सुनेने आपल्या बागेत रस घेतला! त्यांनी स्वतः वाफा मोकळा करून दिला, पट्टी आणून किती खोल गेलो ते मोजून सांगितलं. वर वीतभर माती काळीभोर होती, रव्यासारखी भुसभुशीत. त्याखाली एकदम विटांचे तुकडे आणि पिवळट मुरूम.

"बाबा, ही वरची माती वेगळी दिसते."

"दिसणारच! अगं, इथे आधी नुसता राडारोडा होता. गवत उगवत नव्हतं. ही माती मी आणलीय." ते टाचांवर बसले आणि त्यांचा चेहरा खुलला. "कारखान्यामागे तळं होतं बघ, धुण्याचं पाणी साठवायचं. दरवर्षी ते उपसायचे आणि गाळ काठावर टाकायचे. निवृत्त झालो तेव्हा पहारेकऱ्याला विचारलं, म्हणाला, न्या हवा तेवढा, फेकायचाच आहे. एकचाकी हातगाडीने आणला. तुझ्या सासूने मागून ढकलायला हात लावला. गाळ म्हणजे जमिनीला लोणी! हात घालून बघ."

तिचा हात आधीच त्यात होता. तो तिला बाहेरही काढवेना आणि आतही ठेववेना.

"धुण्याचं पाणी म्हणजे काय धुण्याचं, बाबा?"

"बॅटरीच्या पट्ट्या धुवायचे. फरशा धुवायचे. मला काय ठाऊक, मी फिटर. माझा संबंध नटबोल्टशी."

मातीचा निकाल यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत तिने घरातल्या गाद्या उन्हात टाकल्या, पडदे धुतले, भुंगीच्या नखांत ब्रश घालून घालून पोरीला रडवलं. बस थांब्यावर उभी असताना तिला एका जागी उभं राहवेना. ती चालत पुढच्या थांब्यावर जायची आणि मग बस मधल्यामधे चुकायची. आकडा आला तेव्हा मोठ्या बाई स्वतः येऊन तिच्या शेजारी बसल्या. वीतभर काळ्या मातीत इतकं शिसं होतं की खालच्या मुरमाचा आकडा त्याच्यापुढे पुसट वाटावा.

त्या संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं. नवरा शेजारी बसला होता, पण बोलली तीच. गाळ, तळं, मुळं, पानं, सगळं सरळ सांगितलं.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं मशीन बिघडलंय."

"बाबा, तीनदा केलं."

"तीनदा बिघडलंय. एकतीस वर्षं मी त्या आवारात काढली. मला काय झालं? ताठ उभा आहे. मी विष वाटतोय म्हणतेस तू? गल्लीला? नातीला?"

"तुम्हाला माहीत नव्हतं. तुमची चूक..."

"चूकबिक काही नाही!" ते उठले, मागे गेले, दोन मुठी पालक उपटून आणला, चिरला, शिजवला आणि ओट्याशी उभ्याने अख्खं पातेलं संपवलं. तिच्याकडे बघत. शेवटचा घास गिळून म्हणाले, "मेलो का?"

नवऱ्याने मान खाली घातली. शेजारच्या खोलीत भुंगी गुणगुणत होती, ते तेवढं ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर निघायच्या तयारीत होती, तेवढ्यात मागचं दार वाजलं. खिडकीतून बघते तो बाबा टोपली घेऊन गल्लीत शिरलेले. टोपलीत ओल्या फडक्याखाली जुड्या. रोजच्यापेक्षा जास्त. आज त्यांना सगळ्यांना द्यायच्या होत्या, हे त्यांच्या चालीवरूनच कळत होतं.

पर्स तिथेच टाकून, एका पायात चप्पल नीट अडकलेली, दुसऱ्यात नुसती ओढलेली, अशी ती धावली. बाबा पुढच्या घरी पोचलेले असायचे, ती मागच्या घराचं दार वाजवायची.

"काकांनी आत्ता जुडी दिली ना? ती परत द्या."

"परत? का हो?"

"द्या आधी. संध्याकाळी सांगते."

कुणी बुचकळ्यात पडून दिली, कुणी नाक मुरडून. निवृत्त मास्तर व्हरांड्यात नातवाला वाचून दाखवत होते. त्यांनी जुडी दिली, पण सुनावलंच, "सासऱ्याने हौसेने दिलेलं सून मागून फिरून गोळा करते, हे आम्ही पहिल्यांदाच बघतोय हो." तिचे कान तापले. ती पुढे गेली. ओढणीत सात जुड्या झाल्या, आठ झाल्या.

नववं घर, गल्लीतलं शेवटचं, शिंपिणीचं. ती सात महिन्यांची गरोदर होती. काका तिला दर वेळी दोन जुड्या द्यायचे. अंगात रक्त भरतं म्हणायचे.

दार उघडंच होतं. शिंपीण कापडाच्या ढिगाशेजारी उभी राहून पातेलं ढवळत होती. वाफेला लसणाचा वास.

"उतरव ते," ती धापा टाकत म्हणाली.

"काय झालं, वहिनी? बसा तरी. पाणी देऊ?"

"आधी ते उतरव. खाऊ नकोस."

"अहो, आत्ताच काकांनी दिलाय. ताजा आहे." शिंपिणीने मागे बघितलं. परसातल्या नळावर हात धुवून आलेले काका मागच्या दारात उभे होते, रिकामी टोपली हातात घेऊन. सुनेला बघून त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

आता संध्याकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. तिने शिंपिणीच्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "त्यात शिसं आहे. बॅटरीतलं. मी तपासलंय. पोटातल्या बाळाला ते बाधतं."

शिंपिणीच्या हातातला डाव पातेल्यात पडला. ती काकांकडे बघत राहिली, जणू ते आत्ता हसून म्हणतील, थट्टा करतेय ती. काका वळले आणि गेले.

त्या दिवसापासून घरात अबोला सुरू झाला. बाबा तिच्या हातचा चहा घ्यायचे, पण कप परत देताना टेबलावर ठेवायचे, हातात नाही. वाफ्यांना पाणी घालणं चालूच होतं. वाटणं मात्र थांबलं, कारण आता घेणारं कुणी नव्हतं. गल्लीत दोन तट पडले. अर्धे म्हणायचे, शिकलेल्या सुनेने म्हाताऱ्याची अब्रू घालवली. उरलेले अर्धे तिला वाटेत अडवून हळूच विचारायचे, "आमच्या पोराच्या पोटात दुखतं, ते त्यानेच का हो?" "रक्त तपासून घ्या," एवढंच ती सांगायची, आणि स्वतः मात्र भुंगीचं रक्त तपासायला चार दिवस टाळाटाळ करत राहिली. इतरांचे आकडे शोधण्यात जन्म गेला होता; हा एक आकडा तिला नको होता.

शेवटी नवऱ्यानेच सुट्टी टाकली. "चल," म्हणाला. "नाही कळलं तर काय कमी होणारे का ते?"

रक्त दिल्यावर चार दिवसांनी कागद आला. मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, मग भुंगीपाशी खाली वाकून तिचं गाणं ऐकलं, मग पुन्हा कागद वाचला. आकडा वाढलेला होता. ताबडतोब औषध द्यावं लागेल इतका नाही, पण दुर्लक्ष करावं इतका कमीही नाही. "जिथून येतंय ते बंद करा. हात धुवा, घराची फरशी ओल्या फडक्याने पुसा, पोटभर खायला द्या, दूध द्या. तीन महिन्यांनी परत बघू. आणि वाढीकडे, बोलण्याकडे, शाळेकडे लक्ष ठेवायचं. पुढची काही वर्षं."

"काही वर्षं?" ती म्हणाली.

"हो. घाबरून नाही. पण डोळ्यांत तेल घालून."

घरी आल्यावर तिने कागद टेबलावर ठेवला आणि भुंगीचे हात धुवायला घेऊन गेली. परत आली तेव्हा बाबा टेबलाशी उभे होते. चष्मा नाकावर, कागद हातात.

"हा आकडा कुठे असायला हवा?" त्यांनी विचारलं. आठ दिवसांत तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"जितका खाली तितका बरा. शून्याजवळ."

"आणि हा भुंगीचा." त्यांनी त्यावर अंगठा ठेवला. "हे तुमच्या मशीनवर काढलं?"

"नाही. दवाखान्यात. त्यांचं वेगळं मशीन आहे."

बाबा खुर्ची न ओढता तिच्या काठावर कसेबसे टेकले. "बॉयलरचा काटा लाल रेघेवर गेला की मी साहेबाला विचारायला जायचो नाही," ते म्हणाले. "सरळ झडप बंद करायचो. मग काय बोलायचं ते बोला. एकतीस वर्षांत कधी काट्याशी वाद नाही घातला." त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "आणि घरातल्या पोरीचा काटा..."

ते मागे गेले. वाफ्याकडे जाणाऱ्या नळीचा कॉक बंद केल्याचा आवाज आला, आणि नंतर पान्ह्याने तो आणखी आवळल्याचा.

ती दारात गेली तेव्हा ते वाफ्यांकडे पाठ करून उभे होते.

"सूनबाई, माझ्याबरोबर येतेस का? घरोघर जायचंय. तू आधी गेलीस, आता मी जायला हवं. पण ते सगळं मला नीट सांगता येणार नाही."

"येते, बाबा."

त्या संध्याकाळी आणि पुढच्या दोन संध्याकाळी ते वसाहतीतल्या प्रत्येक दारात उभे राहिले. आत बोलावलं तरी बाबा उंबरा ओलांडत नव्हते. "मी दिलेल्या भाजीत शिसं होतं. मला ठाऊक नव्हतं, पण दिली मी. मुलांचं रक्त तपासून घ्या," एवढं बोलून ते तिच्याकडे बघायचे आणि उरलेलं ती सांगायची. काहींनी त्यांचे हात धरले. एकाने तोंडावर दार लावलं. मास्तर मात्र उठून उभे राहिले आणि तिला म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते मागे घेतो." त्यांच्या नातवाचा आकडा वसाहतीत सगळ्यांत जास्त निघाला. त्याला आठवडाभर दवाखान्यात ठेवून औषध द्यावं लागलं. बाबा रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसायचे. आत जायचे नाहीत. मास्तरांनी चौथ्या दिवशी खाली येऊन त्यांच्या शेजारी बसून चहा घेतला, एवढंच.

मोठ्या बाईंनी निकाल वरच्या कार्यालयात पाठवले. तिथून दोन माणसं आली, फोटो काढून गेली. गाळ खणून काढायचा तर टाकायचा कुठे, हे कुणालाच सांगता येईना, म्हणून तोवर वाफे जाड प्लास्टिकने झाकायचं ठरलं. पालक मुळासकट उपटून, पिशव्यांत बांधून त्यांच्या गाडीत गेला. बाबांनी प्लास्टिकच्या कडांवर विटा स्वतः रचल्या, दोरी धरून.

शिंपिणीला मुलगी झाली. वजन ठीक, रडणं खणखणीत. शिसं तिच्याही रक्तात थोडं होतं. तिलाही आता दर काही महिन्यांनी तपासायचं होतं. भुंगीचा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा खाली आला. तो कागद घेऊन भुंगीची आई दवाखान्याच्या जिन्यातच बसली. हायसं वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण पायऱ्या उतरेपर्यंत तिच्या डोक्यात तिसऱ्या तपासणीची तारीख घोळायला लागली होती. शाळेतून भुंगी एखादं अक्षर उलटं काढून आली की तिचा जीव टांगणीला लागायचा. सगळीच पोरं अक्षरं उलटी काढतात, नवरा समजवायचा. तिला ते कळत होतं. वहीत मात्र ती तारीख टाकून ठेवायची.

बाबांना तर बसणं ठाऊकच नव्हतं. वाफे गेले आणि हात रिकामे झाले. मग एका सकाळी त्यांच्या डोक्यात आलं ते त्यांनी चहाच्या वेळी बोलून दाखवलं.

"गाळ न्यायला मी एकटा नव्हतो. रांग असायची आमची. कातारी, वेल्डर, भांडारातला लंगडा. ते आता इथे राहत नाहीत, शहरभर पसरलेत. प्रत्येकाने बाग केली असणार." त्यांनी कप खाली ठेवला. "माती कशी घ्यायची ते मला नीट शिकव. किती खोल, किती ठिकाणी. चिठ्ठी कशी लिहायची तेही."

तिने शिकवलं. एकदा सांगितलेलं त्यांना पुन्हा सांगावं लागलं नाही. शेवटी त्यांनीच तिला विचारलं, दोन वाफ्यांच्या मधे खुरपं पुसलं नाही तर एका वाफ्याची माती दुसऱ्यात जाणार नाही का? ती चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिली. मोठ्या बाईंनी आधी, ही काय धर्मशाळा आहे का, असं म्हणून पाहिलं, आणि मग शुक्रवारची दुपार त्या मातीसाठी मोकळी ठेवली.

पहिल्या रविवारी ती बाबांबरोबर वेल्डरकडे गेली. फाटकातून बाग दिसत होती. भरगच्च कोथिंबीर, शेपू, आणि एका बाजूला लहान मुलाचा झोका. वेल्डर म्हातारा झाला होता, पण आवाज तोच धडधडणारा.

"ऐकलंय मी सगळं," तो फाटक न उघडता म्हणाला. "माझ्या बागेला हात लावायचा नाही. मी ठणठणीत आहे."

"मीही हेच म्हणालो होतो," बाबा म्हणाले.

"मग जा घरी."

बाबा गेले नाहीत. फाटकाबाहेरच्या दगडावर त्यांनी रुमाल पसरला आणि बसले. खुरपं मांडीवर. तीही शेजारी बसली. तिने दोनदा घड्याळ बघितलं, तिसऱ्यांदा बघताना बाबांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. आतमध्ये झोका करकरत होता. वेल्डर दारातून दोनदा डोकावून गेला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्याची सून बाहेर आली, कडेवर दीड वर्षाचं मूल. तिने सासऱ्याच्या खोलीकडे एकदा मागे वळून बघितलं आणि फाटकाची कडी काढली.

"किती खोल खणावं लागतं?" तिने विचारलं.

"वीतभर," बाबा म्हणाले आणि उठले.